आधी मॉनिटर, मग कॅबिनेट: फोटो एडिटिंगच्या डेस्कटॉपविषयी वाचकांचे प्रश्न

फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचा आहे असं सांगणाऱ्या पत्रांची सुरुवात बहुधा प्रोसेसरच्या नावाने होते. मग रॅम येते, मग ग्राफिक्स कार्ड, आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘मॉनिटर कुठलाही चालेल ना?’ मी उत्तर द्यायला बसतो तो या शेवटच्या ओळीपासून. संगणक संथ असला तर वेळ जातो. मॉनिटर खोटं दाखवत असला तर फोटोच बिघडतो, आणि बिघडल्याचं आपल्याला कळतही नाही. म्हणून या वेळी पहिला मान मॉनिटरच्या प्रश्नाला.

प्रश्न: स्क्रीनवर फोटो छान उजळ दिसतो, पण प्रिंट हातात आली की काळपट. लॅब बदलून पाहिली, तरी तेच. नवा, जास्त ताकदीचा डेस्कटॉप घेतला तर हा त्रास जाईल का?

नाही जाणार. तुमचा दोष कॅबिनेटमध्ये नाही, समोरच्या पडद्यात आहे, आणि बहुधा तो एका बटणाने निम्मा तरी कमी होईल.

नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याची ब्राइटनेस चढवून ठेवलेली असते, कारण उजळ पडदा पाहताक्षणी आवडतो. अडीचशे-तीनशे कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड तो सहज फेकतो. एडिटिंगला लागतो १०० ते १२०, आणि काम मुख्यतः प्रिंटसाठी असेल तर ८० ते १०० सुद्धा पुरतो. पडदा गरजेच्या दुप्पट-तिप्पट उजळ असला की डोळ्यांना फोटो भगभगीत वाटतो. मग आपण एक्स्पोजर खाली ओढतो, सावल्या गडद करतो. फाइल खरोखरच काळी होते. लॅब बिचारी फाइलमध्ये आहे तेच छापते.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका कार्यक्रमाचे दोनशेच्या वर फोटो असेच ‘सुधारून’ दिले होते. अल्बम उघडला तर काळ्या केसांची आणि गडद कपड्यांची एकच काळी पट्टी झालेली. त्या रात्री मी मॉनिटरशेजारी प्रिंट धरून ब्राइटनेस एकेक घर कमी करत गेलो. शंभरावरून अठ्ठावीसवर आलो तेव्हा कुठे दोन्ही सारखे दिसू लागले. अठ्ठावीस हा आकडा त्या मॉनिटरचा आणि त्या खोलीचा होता. तुमचा वेगळा निघेल. पण पद्धत हीच: खोलीत नेहमीचा दिवा लावा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी साधा पांढरा कागद धरा आणि दोघांचा पांढरेपणा जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पहिले दोन दिवस सगळं अंधारलेलं वाटेल. मग डोळे रुळतात.

हा झाला तात्पुरता उपाय. पक्का उपाय म्हणजे कॅलिब्रेशन. कलरीमीटर नावाचं, पडद्यावर टेकवून ठेवायचं छोटं यंत्र मिळतं. डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटची यंत्रं बऱ्याच जणांकडे दिसतात. ते पडद्यावरचे रंग स्वतः मोजतं आणि त्या मॉनिटरपुरतं प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दुरुस्त करून दाखवायचे हे संगणकाला सांगणारी फाइल, बनवून देतं. लक्ष्य ठेवायचं ते असं: पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास म्हणजे डी६५, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) २.२, आणि उजेड वर सांगितला तेवढा. मापण्याआधी मॉनिटर अर्धा तास तरी चालू असू द्या, कारण गार पडदा आणि तापलेला पडदा एकच रंग दाखवत नाहीत. दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मापा. यंत्राबरोबर येणारं सॉफ्टवेअर आवडलं नाही तर डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि ते काम चोख करतं.

जाता जाता एक तपासून घ्या: विंडोजमधलं ‘नाइट लाइट’ चालू नाही ना? संध्याकाळ झाली की ते पडदा पिवळसर करतं, आपण तो पिवळेपणा काढायला फोटोत निळा भरतो, आणि सकाळी सगळे चेहरे निळसर पडलेले दिसतात. रंगाचं काम करताना ते बंदच हवं.

प्रश्न: मॉनिटर ४के घ्यावा की जास्त रंग दाखवणारा? बजेटमध्ये दोन्ही एकत्र बसत नाही. साइज २७ इंच ठरवली आहे.

रंग. विचार करायचंही कारण नाही.

२७ इंचांच्या ४के पडद्यावर एका इंचात सुमारे १६३ पिक्सेल बसतात. त्याच आकाराच्या २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे १०९. पहिल्यावर अक्षरं आणि बारीक तपशील देखणे दिसतात, यात शंका नाही. पण १०९ वरही फोटोचं काम उत्तम होतं, आणि एका बाबतीत तर मला ते सोयीचं वाटतं. पिक्सेल फार बारीक असले की शार्पनिंग किती झालं ते चटकन जाणवत नाही, हात पुढे जातो, आणि तोच फोटो दुसऱ्या साध्या पडद्यावर खरखरीत दिसतो.

रंगांचं गणित मात्र असं सोडून देता येत नाही. आपण ज्याला एसआरजीबी म्हणतो ती रंगांची चौकट एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली, त्या काळच्या काचेच्या जाड मॉनिटरांना डोळ्यांपुढे ठेवून. माणसाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा तिच्यात मावतो. तरीही इंटरनेटवरचे फोटो आणि बहुतेक लॅबची कामं आजही याच चौकटीत चालतात. म्हणून पहिली अट: मॉनिटरने एसआरजीबी जवळजवळ शंभर टक्के दाखवलाच पाहिजे. त्यापुढची पायरी पी३ किंवा अडोबी आरजीबी, या एसआरजीबीपेक्षा मोठ्या चौकटी. अडोबी आरजीबी १९९८ चा. त्यात हिरव्या-मोरपिशी छटा जास्त आहेत, आणि चांगले इंकजेट प्रिंटर त्यातल्या बऱ्याचशा कागदावर उतरवतात. स्वतःच्या प्रिंटरवर मोठ्या प्रिंट काढत असाल तरच त्याच्यामागे जा.

जाहिरातीत एक फसगत ठरलेली असते, ती ओळखून ठेवा. ‘७२ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसतं आणि वाटतं, अरे, २८ टक्के रंग गेले की. पण एनटीएससी ही १९५३ सालच्या टीव्हीची मापपट्टी आहे. तिचे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. उलट ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला पडदा एसआरजीबीचेही दोन-तृतीयांश रंग धड दाखवत नाही. तो फोटोंसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

पॅनल आयपीएस घ्या. टीएन पॅनलवर मान जरा हलवली तरी रंग बदलतात. व्हीए पॅनलचा काळा रंग खोल असतो, पण कडेने पाहताना सावल्यांमधला तपशील हरवतो. ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ (डेल्टा ई म्हणजे दाखवलेला रंग खऱ्या रंगापासून किती चुकला त्याचं माप) असं कंपनीने छापलं असेल तर चांगलंच, पण तो दावा त्या दिवसाचा असतो. पडदा वयानुसार बदलतो, त्यामुळे कलरीमीटरचे पैसे बाजूला काढूनच मॉनिटरचं बजेट ठरवा.

प्रश्न: ‘१० बिट’चा मॉनिटर असल्याशिवाय व्यावसायिक काम होत नाही असं ऐकलं. खरं का?

खरं नाही. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण सुमारे १.६७ कोटी छटा. १० बिटमध्ये १०२४ पायऱ्या आणि सुमारे १०७ कोटी छटा. फरक दिसलाच तर तो निरभ्र आकाशात, स्टुडिओच्या गुळगुळीत पार्श्वभूमीवर, जिथे एक रंग हळूहळू दुसऱ्यात मिसळतो तिथे पट्टे पडण्या-न पडण्याचा. मिळाला तर घ्या. त्यासाठी अडून बसू नका. फाइल मात्र एडिट करताना १६ बिटमध्येच ठेवा. ते मॉनिटरवर अवलंबून नाही आणि त्याचा उपयोग खूप मोठा आहे.

प्रश्न: रॅम १६ जीबी पुरेल की ३२ घेऊ? एक मित्र म्हणतो ६४ शिवाय घेऊच नको.

मित्राचं काम काय आहे ते आधी विचारा. तोवर आपण पाटीवर हिशोब मांडू.

२४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की प्रत्येक पिक्सेलला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट. २४ दशलक्ष गुणिले सहा, म्हणजे एका लेअरला सुमारे १४४ एमबी. कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा असेल तर २७० एमबी. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर तीच रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) कितीतरी छोटी दिसते, कारण तिथे ती आवळून ठेवलेली असते आणि तीन रंग वेगळे झालेले नसतात. आता ४५ मेगापिक्सेलवर दहा भरलेले लेअर ठेवले तर झाले २.७ जीबी. त्यावर हिस्ट्री: फोटोशॉप ‘मागे जा’साठी सहसा ५० पायऱ्यांपर्यंत लक्षात ठेवतो, आणि प्रत्येक पायरीत जो भाग बदलला तो जपून ठेवावा लागतो. त्यातच फोटो लावून ठेवायचं आणि सुधारायचं अडोबीचं लाइटरूम मागे उघडं, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब. १६ जीबी अशी बघता बघता संपते.

अंदाजावर जायची गरजही नाही. फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात फाइलचा आकार दाखवणारी पट्टी असते. तिच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा आणि नेहमीचं काम करत राहा. आकडा १०० टक्क्यांवर स्थिर असेल तर रॅम पुरते आहे. मी एकदा बारा फोटोंचा पॅनोरामा जोडून त्यावर लेअर चढवत होतो. आकडा १०० वरून ९१, मग ७४ वर आला, आणि त्याच क्षणी ब्रश माझ्या हाताच्या मागे मागे घसटत चालला. रॅम संपून काम स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे फोटोशॉप तात्पुरती जागा म्हणून वापरतो त्या डिस्कवर, गेलं होतं. तुमचा आकडा असा वारंवार घसरत असेल तर रॅम वाढवा. नसेल तर त्या पैशांत कलरीमीटर येईल.

माझं मत: आज नवा डेस्कटॉप घेणाऱ्याने ३२ जीबी घ्यावी. ६४ ही पॅनोरामा, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं), शंभरच्या आसपास मेगापिक्सेलचे कॅमेरे किंवा सोबत व्हिडिओ असं काम करणाऱ्यांसाठी. ३२ घेताना १६-१६ च्या दोन काड्या घ्या, एकच नको. दोन असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. आणि चारही खाचा पहिल्याच दिवशी भरू नका. डीडीआर५ मध्ये चार काड्या लावल्या की रॅमचा वेग बहुधा खाली आणावा लागतो.

प्रश्न: मुलाचा गेमिंग पीसी घरात आहे. त्यावर फोटोंचं काम करता येईल, की वेगळाच संगणक जोडून घेऊ?

करा, आनंदाने करा. गेमिंगच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड गरजेपेक्षा जास्त असतं आणि रॅम कधी कधी थोडी कमी, एवढाच फरक. रॅम वाढवता येते. त्याचा मॉनिटर मात्र तपासा. गेमिंगचे मॉनिटर वेगासाठी बनवलेले असतात, सेकंदाला १४४ किंवा त्याहून जास्त वेळा चित्र बदलण्यासाठी. फोटो जागचा हलत नाही, त्याला त्या वेगाचा काही उपयोग नाही. हल्ली बऱ्याच गेमिंग मॉनिटरमध्ये चांगलं आयपीएस पॅनल असतं. तुमचा तसा असेल तर ‘व्हिव्हिड’, ‘गेम’ वगैरे मोड बंद करून एसआरजीबी मोड लावा आणि कॅलिब्रेट करा. नसेल तर फक्त मॉनिटर नवा आणा. आणि हो, टेबलाखालचे रंगीबेरंगी दिवे एडिटिंगच्या वेळी बंद ठेवायला मुलाला सांगा. भिंतीवर जांभळा उजेड पडलेला असताना पांढरा रंग पांढरा दिसत नाही.

प्रश्न: ग्राफिक्स कार्ड नसेल तर फोटो एडिटिंग होतच नाही का? कुठलं घ्यावं?

होतं. वर्षानुवर्षं लोकांनी अंगभूत ग्राफिक्सवर उत्तम काम केलं आहे. एक्स्पोजर, रंग, क्रॉप, डाग काढणं, प्रिंटसाठी फाइल बनवणं, यातलं काहीच कार्डावाचून अडत नाही.

चित्र बदललं ते गेल्या काही वर्षांत. २०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आलं. कमी उजेडात, चढ्या आयएसओवर काढलेल्या रॉ फाइलमधला दाणेदारपणा ते इतका सफाईने काढतं की जे फोटो मी पूर्वी टाकून दिले असते ते आता देता येतात. हे काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. बऱ्यापैकी कार्ड असलं तर २४ मेगापिक्सेलचा फोटो अर्ध्या-एक मिनिटात होतो. अंगभूत ग्राफिक्सवर त्याच फोटोला कित्येक मिनिटं लागू शकतात. एका फोटोसाठी ती थांबता येतात. एका संध्याकाळचे चारशे फोटो असतील तर रात्र जाईल.

म्हणजे प्रश्न तुमच्या विषयाचा आहे. पक्षी, मंचावरचे कार्यक्रम, रात्रीचं आकाश, घरातले समारंभ असं काम असेल तर कार्ड घ्या, ८ जीबी मेमरीचं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेत अशा कामासाठी खास टेन्सर कोअर असतात, त्यामुळे तिथलं मधल्या फळीतलं कार्ड पुरेसं होतं. सगळ्यात महागडं घेऊन फोटोच्या कामात मिळणारा जास्तीचा वेग मोजकाच. दिवसाउजेडी निसर्गचित्रं काढत असाल तर तूर्त कार्ड नको, पण मदरबोर्डवर जागा आणि पॉवर सप्लायमध्ये थोडी जास्त क्षमता राखून ठेवा. डार्कटेबल हे रॉ फाइलसाठीचं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही कार्डाचा फायदा मिळतो. ते ओपनसीएल या सोयीतून कार्डाकडून काम करून घेतं.

कार्ड घ्यायचं नसेल तर प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतंच. संगणक जोडून होतो, बटण दाबलं जातं, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. रायझन ५००० मालिकेत याच्या उलट, नावात ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स असतं.

प्रोसेसरबद्दल वेगळे प्रश्न बरेच आले, पण त्यात फार गुंतू नका. फोटोशॉपची अनेक कामं एका कोअरच्या वेगावर चालतात, लाइटरूममधून शेकडो फोटो एक्स्पोर्ट करताना जास्त कोअर उपयोगी पडतात. सध्याच्या पिढीतला कोअर अल्ट्रा ५ किंवा रायझन ५ दोन्ही नीट सांभाळतो. त्याच्या वरच्या पायरीला जाण्याआधी मॉनिटरकडे पुन्हा एकदा बघा.

प्रश्न: एसएसडी १ टीबी घेतली तर सगळे फोटो त्यावरच ठेवू का? जुनी ४ टीबीची हार्ड डिस्कही आहे.

जुनी हार्ड डिस्क ठेवा, पण कामं वाटून द्या. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, एनव्हीएमई एसएसडी तीन हजार ते सात हजार. हा सगळा वेग रॉ फाइल साठवायला लागत नाही. लागतो तो विंडोज, सॉफ्टवेअर, लाइटरूमचा कॅटलॉग, त्याचे प्रिव्ह्यू आणि फोटोशॉपची स्क्रॅच यांना. एवढं सगळं एनव्हीएमईवर ठेवा, चालू महिन्याचे फोटोही तिथेच. काम संपलं की रॉ फाइल हार्ड डिस्कवर हलवा, आणि हलवताना लाइटरूमच्या आतूनच हलवा, नाहीतर त्याला फाइल सापडणार नाहीत. एसएसडी काठोकाठ भरू नका. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा, ती भरत आली की लिहिण्याचा वेग पडतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. ती ४ टीबी हार्ड डिस्क जर तुमच्या जुन्या फोटोंची एकमेव जागा असेल, तर संगणक नंतर घ्या, आज दुसरी डिस्क घ्या. माझी एक डिस्क एका दुपारी टिक-टिक असा बारीक आवाज करू लागली. वाचायला बसलेली सुई जागा सापडत नाही म्हणून परत परत घरी येते, तो तो आवाज. मी कॉपी करायला घेतली, तिसरा हिस्सा निघाला आणि ती थांबली. उरलेल्यात एका माणसाचे शेवटचे फोटो होते. ते देऊ शकलो नाही हे त्याच्या घरी सांगायला जावं लागलं. तेव्हापासून मी ३-२-१ सोडलेलं नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा नियम सोपा आहे: प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. रेडमध्ये, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल अशा जोडणीत, दोन डिस्क जोडल्या की बॅकअप झाला असं समजू नका. चुकून डिलीट केलेली फाइल रेडमधल्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते, त्यामुळे यूपीएस हवाच. लाइटरूमचा कॅटलॉग ही डेटाबेसची एकच फाइल असते. तिच्यात लिहिणं चालू असताना वीज गेली तर ती बिघडू शकते, आणि तुमची कित्येक महिन्यांची एडिटिंग तिच्यातच असते.

प्रश्न: मॅक घ्यावा की विंडोज? फोटोवाले सगळे मॅक घेतात असं म्हणतात.

पूर्वी त्याला कारण होतं. फोटोशॉप १९९० मध्ये आला तो फक्त मॅकिंटॉशवर. आज फोटोशॉप आणि लाइटरूम दोन्हीकडे चालतात, डार्कटेबल तर लिनक्सवरही चालतं. ज्यावर तुमचा हात बसला आहे ते घ्या.

मॅक घेत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: २०२० मध्ये आलेल्या एम१ पासून मेमरी चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांची गरज पहिल्याच दिवशी ठरवावी लागते. साठवणुकीचं तसं नाही. बाहेरून एसएसडी जोडता येते, म्हणून आतली स्टोरेज थोडी कमी घेऊन मेमरी वाढवा. मॅक मिनीचा आणखी एक गुण म्हणजे त्याच्याबरोबर मॉनिटर येत नाही, तो आपल्याला निवडावा लागतो. मला ते आवडतं.

प्रश्न: मी विद्यार्थी आहे. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप मिळतो आहे. शिकण्यापुरता घेऊ का?

घे. शिकण्यासाठी तो चांगला आहे, फक्त तीन-चार गोष्टी बघून. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ चालेल असाच बघ: इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. आत हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाक. तुला संगणक नवा झाल्यासारखा वाटेल. रॅम १६ जीबी कर. कॅबिनेट बुटकं, चपटं असेल तर पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड त्यात बसणार नाही, पॉवर सप्लायही पुरणार नाही, हे धरून चाल. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर डार्कटेबल, रॉथेरपी आणि जिंप मोफत आहेत, आणि त्यांत शिकलेलं कर्व्ह, मास्क, व्हाइट बॅलन्सचं ज्ञान कुठेही वाया जात नाही. चोरीची सॉफ्टवेअर टाकू नकोस. त्यांच्यासोबत काय काय येतं ते तुझ्या फाइल लॉक झाल्यावरच कळेल.

प्रश्न: नवा वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) मॉनिटर घेतला आणि सगळ्यांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लाल दिसू लागले. जुन्यावर बरे होते. मॉनिटर परत करू का?

करू नका. मॉनिटर निर्दोष आहे. फोटोत एसआरजीबीचे आकडे आहेत, आणि जे सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत नाही ते तेच आकडे मोठ्या चौकटीत जसेच्या तसे ओतून देतं. मग थोडासा लाल, फार लाल होतो. फोटोशॉप, लाइटरूम यांत तोच फोटो उघडून पाहा. तिथे चेहरा ताळ्यावर येईल. मॉनिटरचं प्रोफाइल विंडोजमध्ये लावलेलं आहे याची खात्री करा. फक्त इंटरनेटसाठी काम करायचं असेल त्या दिवशी मॉनिटर त्याच्या एसआरजीबी मोडमध्ये ठेवला तरी चालतो. दुसऱ्याला फाइल पाठवताना एसआरजीबीमध्ये एक्स्पोर्ट करा आणि प्रोफाइल फाइलमध्येच जोडा.

प्रश्न: वय ७१. घरात ३५ मिमी निगेटिव्हच्या पेट्या आहेत, त्या स्कॅन करून नातवंडांसाठी ठेवायच्या आहेत. किती मोठा संगणक लागेल?

फार मोठा लागणार नाही, काका. ३५ मिमीची एक फ्रेम ३६ × २४ मिमीची. ती ३२०० पीपीआयला (इंचाला ३२०० पिक्सेल) स्कॅन केली की सुमारे ४५०० × ३००० पिक्सेल, म्हणजे साडेतेरा मेगापिक्सेलच्या आसपास. १६ बिटमध्ये ठेवली तरी ८० एमबीची फाइल. वरच्या विद्यार्थ्याला सांगितला तसा संगणकही हे काम करेल. तुमचा वेळ जाईल तो स्कॅनरपाशी आणि धूळ-ओरखडे काढण्यात. म्हणून पैसे तुमच्या डोळ्यांना सोसेल अशा मोठ्या, मॅट पडद्यावर आणि दोन बाहेरच्या डिस्कवर खर्च करा. एक डिस्क घरी, दुसरी मुलाकडे किंवा मुलीकडे. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा हाताशी ठेवा. स्कॅन करण्याआधी झटकलेला एक धुळीचा कण म्हणजे नंतर वाचलेला एक क्लिक.

रंगीत निगेटिव्हमधले रंग वयानुसार उडत जातात, कृष्णधवल त्या मानाने टिकतात. त्यामुळे रंगीत पेट्या आधी घ्या. आणि प्रत्येक रोल झाला की फोटोत कोण कोण आहे ते फाइलच्या कॅप्शनमध्ये लगेच लिहून टाका. ते चेहरे ओळखणारे घरात आता तुम्हीच असाल.